अमेरिकन राज्यक्रांतीची कारणे कशी अभ्यासावीत: व्यापार, कारभार आणि तक्रारी यांची एकत्र मांडणी

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी ४ जुलै १७७६ रोजी ब्रिटिश राजसत्तेशी असलेले नाते तोडल्याचे जाहीर केले. त्यामागची कारणे आपल्याकडे बहुधा यादी करून पाठ केली जातात: नौवहन कायदे, सप्तवार्षिक युद्ध, मुद्रांक कायदा, टाउनशेंडचे कर, बोस्टनचा गोळीबार, समुद्रात फेकलेल्या चहाच्या पेट्या, जाचक कायदे आणि मग युद्ध. या यादीत खोटे काहीच नाही, पण ती वाचून काही साध्या शंका फिटत नाहीत. व्यापारावरची बंधने १६५१ पासून होती, तर उठावाला सव्वाशे वर्षे का लागली? वसाहतीतला माणूस इंग्लंडमधल्या माणसाच्या मानाने फारच थोडा कर भरत होता, तरी करावरूनच एवढे रण का माजले? १७७३ च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता, आणि लोकांनी नेमका तोच चहा पाण्यात टाकला, हे कसे?

हा विषय परीक्षेसाठी, वर्गात शिकवण्यासाठी किंवा केवळ कुतूहलापोटी ज्याला नीट समजून घ्यायचा असेल, त्याने व्यापार, कारभार आणि तक्रारी अशी तीन वेगळी प्रकरणे करू नयेत. प्रत्येक कायद्यापाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाच्या खिशातून निघाला? तो कोणाच्या तिजोरीत पडला? आणि तो तिथे पडल्यामुळे कोणाला कोणाची गरज उरली नाही? पहिले दोन प्रश्न बहुतेक पाठ्यपुस्तके विचारतात. तिसरा सहसा राहून जातो, आणि माझ्या मते क्रांतीचे मर्म तिथेच आहे.

आधी वही आखून घ्यावी

एका आडव्या पानावर चार रकाने करावेत. पहिल्यात लंडनमधील निर्णय आणि त्याची तारीख, दुसऱ्यात त्या निर्णयाचा कायद्यातच लिहिलेला हेतू, तिसऱ्यात अमेरिकेतील प्रतिक्रिया आणि चौथ्यात जमा झालेल्या पैशाचा विनियोग लिहावा. १७६३ या वर्षाखाली एक जाड रेघ ओढावी, कारण रेघेच्या वरचे कायदे व्यापाराला वळण लावण्यासाठी होते आणि खालचे महसूल उभा करण्यासाठी. हा फरक पुढे प्रत्येक पायरीवर उपयोगी पडतो.

तारखा लिहिताना हेही ध्यानात ठेवावे की शिडाच्या जहाजाला अटलांटिक ओलांडायला कित्येक आठवडे लागत, त्यामुळे एका काठावरची बातमी दुसऱ्या काठावर शिळी होऊनच पोहोचे. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने टाउनशेंडचे बहुतेक कर मागे घेण्याचा प्रस्ताव संसदेत मांडला तो दिवस ५ मार्च १७७० चा. बोस्टनच्या किंग स्ट्रीटवर सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसे मेली, तोही हाच दिवस. दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांची काहीच खबर नव्हती. नुसत्या वर्षांची यादी पाठ करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

व्यापार समजण्यासाठी एकाच मालाचा माग काढावा

नौवहन कायद्यांची सगळी कलमे पाठ करण्याची गरज नाही. सूत्र थोडक्यात असे: माल इंग्रजी जहाजांतून जावा, खलाशांपैकी तीन चतुर्थांश इंग्रज असावेत, तंबाखू, साखर, कापूस, नीळ असे ठरलेले जिन्नस इंग्लंडकडे किंवा इंग्रजी वसाहतींकडेच निर्यात व्हावेत (१६६०), आणि युरोपातील माल वसाहतींत यायचा तर तो इंग्लंडमार्गे यावा (१६६३). पुढे लोकरी कापड (१६९९), टोप्या (१७३२) आणि लोखंड (१७५०) यांच्या उत्पादनावर व विक्रीवरही बंधने आली. इथे लगेच 'शोषण' असा शिक्का मारून मोकळे होऊ नये. या कायद्यांच्या दृष्टीने वसाहतीत बांधलेले जहाज इंग्रजीच ठरत असल्यामुळे न्यू इंग्लंडचा जहाजबांधणीचा धंदा त्यांच्याच आश्रयाने वाढला, आणि इंग्लंडची बाजारपेठ व आरमाराचे संरक्षण हे दोन्ही वसाहतींना आयतेच मिळाले. त्याच चौकटीत व्हर्जिनियाचा तंबाखू पिकवणारा मळेवाला मात्र लंडन आणि ग्लासगोच्या अडत्यांच्या कर्जात बुडत गेला. भाव तिकडे ठरे, उधारीवर माल तिकडून येई आणि हिशेबाची वहीही तिकडेच राही. जॉर्ज वॉशिंग्टनने १७६० च्या दशकात तंबाखू सोडून गव्हाकडे वळण्याचे एक कारण हेच होते.

सारे चित्र एका नजरेत पाहायचे असेल तर मळीचा माग काढावा, असे मी सुचवीन. साखर कारखान्यांच्या मुलखात राहणाऱ्या मराठी वाचकाला मळी म्हणजे काय आणि तिच्यापासून मद्य कसे होते, हे वेगळे सांगायला नको. बोस्टन, न्यूपोर्ट या बंदरांतील भट्ट्यांत मळीपासून रम तयार होई. ती देशात खपे, मासेमारीच्या गलबतांवर जाई आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या खरेदीतही वापरली जाई. स्वस्त मळी मिळे ती मार्टिनिक, ग्वादलूप या फ्रेंच बेटांवर, कारण आपल्या ब्रँडीला स्पर्धा नको म्हणून फ्रान्स तिथल्या रमला उत्तेजन देत नसे आणि बेटांवर मळी पडून राही. न्यू इंग्लंडचे व्यापारी सुकवलेले मासे, लाकूड आणि घोडे देऊन ती उचलत.

इंग्रजी बेटांवरच्या साखर मळेवाल्यांना हे सहन होईना. त्यांचे लंडनमध्ये चांगलेच वजन होते. १७३३ मध्ये संसदेने परकी मळीवर गॅलनमागे ६ पेन्स जकात बसवली. ही जकात प्रामाणिकपणे भरली असती तर धंदाच बसला असता, म्हणून ती जवळजवळ कोणीच भरली नाही. जकात अधिकाऱ्याला ठरलेली चिरीमिरी मिळे, कागदावर मळी 'इंग्रजी' होई आणि जहाज मोकळे होई. लंडनला हे ठाऊक नव्हते असे नाही, पण व्यापार वाढतो आहे तर कशाला खोदून पाहायचे, असा तो काळ होता. संसद सदस्य एडमंड बर्कने पुढे १७७५ च्या भाषणात या धोरणाला 'शहाणे आणि हितकर दुर्लक्ष' म्हटले.

आता रेघेखाली यावे. १७६४ मध्ये पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलने मळीवरची जकात ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणली, म्हणजे निम्मी केली, आणि ओरड सुरू झाली. कारण ही जकात खरोखर वसूल व्हायची होती. आरमारी जहाजे किनाऱ्यावर गस्त घालू लागली, कागदपत्रांचा जाच वाढला, आणि चोरट्या मालाचे खटले ज्यूरी नसलेल्या नौदल न्यायालयात, तेही दूर हॅलिफॅक्सला, चालवण्याची सोय झाली. स्थानिक ज्यूरी आपल्या शेजाऱ्याला तस्करीसाठी दोषी ठरवत नाही, हे सरकारला अनुभवाने कळले होते. म्हणजे मळीच्या पिंपामागे जाता जाता आपण व्यापारातून न्यायव्यवस्थेत पोहोचलो. वहीचा दुसरा रकाना भरताना या कायद्याचे प्रास्ताविक वाचावे. अमेरिकेच्या संरक्षणाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकेतच महसूल उभारणे न्याय्य आणि आवश्यक आहे, असे त्यात उघड लिहिले आहे. व्यापार आणि नौवहन यांचा उल्लेख तिथे अजून आहे, पण महसुलाचा हेतू आता झाकलेला नाही.

मळीच्या कथेला एक शेपूट आहे आणि ते अभ्यासकाने मुद्दाम लक्षात ठेवावे. १७६६ मध्ये जकात आणखी उतरवून १ पेनी केली, पण ती इंग्रजी आणि परकी अशा सगळ्याच मळीवर लावली. हा निखळ महसुली कर होता, तरीही व्यापाऱ्यांनी तो फारशी कुरकुर न करता भरला. तेव्हा 'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' ही घोषणा वसाहतींनी प्रत्येक वेळी सारख्याच कडकपणे पाळली, असे लिहिण्याचा मोह टाळावा. घोषणेइतकेच ती कधी दिली आणि कधी गिळली, हेही पाहावे लागते.

कारभार समजण्यासाठी एका पगाराचा माग काढावा

वसाहतींच्या राज्यव्यवस्थेचा आराखडा एका परिच्छेदात बसतो. बहुतेक ठिकाणी राजाने नेमलेला गव्हर्नर, त्याचे सल्लागार मंडळ आणि लोकांनी निवडलेली प्रतिनिधिसभा अशी तीन अंगे होती. व्हर्जिनियाची प्रतिनिधिसभा १६१९ पासूनची. पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलँड या खासगी सनदेच्या वसाहती होत्या, तर कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड आपला गव्हर्नर स्वतःच निवडत. मताधिकार मालमत्ताधारक पुरुषांपुरताच होता, आणि १७७५ च्या सुमारास पंचवीस लाखांच्या आसपास असलेल्या लोकसंख्येत सुमारे पाच लाख गुलाम होते. 'वसाहतीतील जनता' हा शब्दप्रयोग करताना हा आकडा विसरू नये.

कागदावर गव्हर्नर बलवान दिसतो. तो सभा बोलावू शके, बरखास्त करू शके, कायदा नामंजूर करू शके. पण पैसा मंजूर करण्याचा अधिकार सभेकडे होता आणि पुष्कळ वसाहतींत गव्हर्नरचा पगारही सभाच देई. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने १७२० च्या दशकाअखेर गव्हर्नर विल्यम बर्नेटला कायमचा ठरावीक पगार द्यायला साफ नकार दिला. दर वर्षी मागा, दर वर्षी पाहू, असा तिचा पवित्रा होता. लंडनहून कितीही दडपण आले तरी ती बधली नाही, आणि १७३५ मध्ये दरसाल मंजुरीची पद्धत सरकारने निमूटपणे मान्य केली. पगार सभेच्या हाती असलेला गव्हर्नर सभेशी किती काळ वैर धरणार? सनदांत कुठेही न लिहिलेली ही व्यवस्था हेच वसाहतींचे खरे संविधान होते, असे मला वाटते. इथपासून पुढे 'पगार कोण देतो' हा प्रश्न हातातून सोडू नये.

१७६३ नंतरचे कायदे कसे वाचावेत

सप्तवार्षिक युद्ध जिंकून ब्रिटनने कॅनडा मिळवला, पण राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून सुमारे तेरा कोटींवर गेले. अमेरिकेत दहा हजारांच्या आसपास फौज ठेवायची ठरली. तिचा काही भार अमेरिकेने उचलावा, ही ग्रेनव्हिलची मागणी ब्रिटिश करदात्याच्या नजरेने अवाजवी नव्हती, हे आधी मान्य करावे. ज्याला इंग्लंडची बाजू मांडता येत नाही त्याला क्रांतीची कारणेही नीट मांडता येत नाहीत. ऑक्टोबर १७६३ च्या राजघोषणेने ॲपलेशियन पर्वतांच्या पश्चिमेला वस्ती करण्यास बंदी घातली. तिच्यामुळे जमिनीत पैसा गुंतवलेले व्हर्जिनियातील बडे लोक दुखावले. १७६४ च्या चलन कायद्याने वसाहतींच्या कागदी नोटांना कायदेशीर फेडीचे चलन करण्यास मनाई केली. आधीच चांदीची चणचण असलेल्या मुलखात तिची झळ विशेषतः कर्जदाराला लागली.

मग आला मुद्रांक कायदा, मार्च १७६५ मध्ये मंजूर झालेला आणि १ नोव्हेंबरपासून लागू व्हायचा. मुद्रांक शुल्क भरून दस्त करणाऱ्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, आणि इंग्लंडमध्येही तो कर जुनाच होता. तरीही तो नेमका कोणाला बोचला ते पाहावे. वर्तमानपत्रे, पंचांगवजा वार्षिके, न्यायालयीन कागद, जमिनीचे दस्त, जहाजांचे परवाने, मद्यालयांचे परवाने, पत्त्यांचे जोड आणि फासे या साऱ्यांवर शुल्क होते. म्हणजे छापखानेवाले, वकील, व्यापारी आणि गुत्तेवाले यांना एकाच दिवशी चिमटा बसला. लिहिणारे, बोलणारे आणि लोकांना एकत्र बसवणारे धंदे एकाच वेळी दुखावण्याचा असा पराक्रम सरकारे सहसा करत नाहीत. ऑगस्टमध्ये बोस्टनच्या जमावाने मुद्रांक वाटणारा अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा टांगला आणि काही दिवसांनी उपगव्हर्नर थॉमस हचिन्सनचे घर मोडून टाकले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. ब्रिटिश मालावरचा बहिष्कार लंडनच्या व्यापाऱ्यांना झोंबला आणि त्यांच्याच अर्जांच्या रेट्याने १८ मार्च १७६६ रोजी कायदा रद्द झाला. व्यापाराची जी चौकट इंग्लंडने वसाहतींना बांधून ठेवण्यासाठी उभारली होती, तीच आता वसाहती उलट्या बाजूने ओढू लागल्या. त्याच दिवशी संसदेने आणखी एक कायदा केला. वसाहतींना 'कोणत्याही बाबतीत' बांधणारे कायदे करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्यात बजावले होते. अमेरिकेत घंटा वाजवणाऱ्यांनी तो कागद तेव्हा फारसा मनावर घेतला नाही.

वही नीट भरली असेल तर १७६७ च्या टाउनशेंड कायद्यापाशी चौथा रकाना बोलू लागतो. काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्यावरची ही जकात बंदरात वसूल व्हायची. वसाहतींचा लंडनमधील प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन याने १७६६ मध्ये संसदेपुढे साक्ष देताना अंतर्गत कर आणि बाह्य जकात यांत फरक केला होता. त्या फटीतून अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड आत शिरला. पण जकातीचा विनियोग पाहावा. न्यायदानाचा आणि मुलकी कारभाराचा खर्च भागवण्यासाठी हा महसूल असल्याचे प्रास्ताविकातच म्हटले आहे. याचा सरळ अर्थ, गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार आता प्रतिनिधिसभेच्या मंजुरीवाचून भागवता येणार होते. चहाच्या पुड्यावरचे ३ पेन्स ज्याला जड नव्हते, त्यालाही शंभर वर्षांची व्यवस्था हातातून निसटताना दिसत होती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते: गव्हर्नरला सभेची गरज उरणार नव्हती.

पुढचे प्रसंग झरझर लिहावेत. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने १७६८ मध्ये या करांविरुद्ध इतर वसाहतींना पाठवलेले परिपत्रक मागे घेण्याचा हुकूम ९२ विरुद्ध १७ मतांनी धुडकावला आणि सभा बरखास्त झाली. ऑक्टोबरात बोस्टनमध्ये फौज उतरली, १७७० मध्ये गोळीबार झाला, चहा वगळता बाकीची जकात गेली. गोळीबारातील सैनिकांचे वकीलपत्र जॉन ॲडम्सने घेतले आणि बहुतेक जण निर्दोष सुटले, हे जरूर नोंदवावे. या लोकांचा कायद्यावर विश्वास होता, आणि म्हणूनच ज्यूरी काढून घेतल्याचा राग एवढा खोल गेला. १७७० ते १७७३ ही वर्षे पुस्तकांत 'शांततेची' म्हणून ओलांडली जातात. तसे करू नये. १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा आणि वरिष्ठ न्यायाधीशांचा पगार जकातीतून देण्याचे ठरल्याची बातमी फुटली, आणि त्यावर २ नोव्हेंबर १७७२ रोजी बोस्टनच्या नगरसभेने सॅम्युअल ॲडम्सच्या सूचनेवरून पत्रव्यवहार समिती नेमली. गावोगाव अशा समित्या झाल्या. क्रांतीचे सांगाडे म्हणता येतील अशा या समित्या कराच्या नव्हे, पगाराच्या प्रश्नातून निघाल्या.

चहाच्या प्रकरणात भारताची बाजू जोडावी

१७७३ चा चहा कायदा हा अमेरिकेसाठी केलेला कायदा नव्हता, तो ईस्ट इंडिया कंपनीला वाचवण्यासाठी होता. १७६५ मध्ये, म्हणजे मुद्रांक कायद्याच्याच वर्षी, कंपनीने बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार, मिळवला. १७६७ पासून ती ब्रिटिश खजिन्यात दरसाल ४ लाख पौंड भरायला बांधली गेली. १७६९-७० च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला, लष्करी खर्च फुगला, १७७२ मध्ये युरोपात पतपेढ्यांवर संकट आले आणि कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. लंडनच्या वखारींत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा विक्रीविना पडला होता. हा चहा चिनी होता, आसामच्या मळ्यांना अजून बराच अवकाश होता. सरकारने कंपनीला थेट अमेरिकेत आपल्या निवडक अडत्यांमार्फत चहा विकण्याची मुभा दिली आणि इंग्लंडमधील जकात माफ केली. अमेरिकेतले ३ पेन्स मात्र तसेच ठेवले, कारण पगार त्यांतून भागायचे होते.

डच चहाची चोरटी आयात करणाऱ्यांचा धंदा बुडणार होता आणि अडत्यांच्या यादीत नसलेला प्रामाणिक व्यापारीही कोरडा राहणार होता. बोस्टनच्या अडत्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते, यावरून लोकांना काय वाटले असेल ते वेगळे सांगायला नको. शिवाय कंपनीने बंगालात काय केले याची बातमी अमेरिकेत पोहोचली होती. १७७३ च्या अखेरीस तिथे निघालेल्या चहाविरोधी लिखाणात आशियातील कंपनीच्या लुटीचा दाखला दिलेला आढळतो. पहिले जहाज २८ नोव्हेंबरला बोस्टनला लागले. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त व्हायचा, आणि जप्त माल विकला गेला की जकात आपोआप वसूल व्हायची. जहाज परत पाठवायला हचिन्सनने परवाना नाकारला. मुदत संपण्याच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात रित्या करण्यात आल्या. फिलाडेल्फियाला आलेले जहाज माल न उतरवता परत गेले, म्हणून तिथे 'टी पार्टी' झाली नाही. बोस्टनच्या धाडसाइतकाच हचिन्सनचा हटवादीपणाही या घटनेचे कारण आहे.

लंडनने १७७४ मध्ये 'जाचक कायदे' करून बोस्टनचे बंदर बंद केले, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून सल्लागार मंडळ नेमणुकीचे केले आणि गव्हर्नरच्या परवानगीवाचून वर्षाला एकापेक्षा अधिक नगरसभा भरवण्यास बंदी घातली. बंदर हा व्यापार, सनद आणि नगरसभा हा कारभार. दोन्हींवर एकाच हंगामात घाव पडल्यावर व्हर्जिनियाचा मळेवाला आणि बोस्टनचा व्यापारी एका बाकावर आले. सप्टेंबरात फिलाडेल्फियाला बारा वसाहतींची परिषद भरली, फक्त जॉर्जिया आली नाही. १ डिसेंबरपासून ब्रिटिश मालाची आयात थांबवायची असे ठरले आणि ते पाळले जाते की नाही हे पाहायला स्थानिक समित्या नेमल्या गेल्या. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली तेव्हा बऱ्याच ठिकाणी कारभार प्रत्यक्षात या समित्यांच्याच हाती गेला होता.

तक्रारी जाहीरनाम्यातून मोजाव्यात

४ जुलै १७७६ चा मूळ स्वातंत्र्याचा जाहीरनामा लहान आहे आणि सहज मिळतो. त्यातील सत्तावीस तक्रारींना क्रमांक देऊन वर्गवारी करावी. राजाने हितकारक कायदे अडवले, प्रतिनिधिसभा वारंवार बरखास्त केल्या, न्यायाधीशांना पगार आणि मुदत या दोन्ही बाबतींत आपल्या मर्जीवर ठेवले, शांततेच्या काळात सभेच्या संमतीविना खडी फौज ठेवली, या कारभाराच्या तक्रारी पहिल्या बारांत येतात. व्यापार तोडल्याची तक्रार सोळावी आहे आणि संमतीविना कर लावल्याची सतरावी. चहा, मळी, मुद्रांक हे शब्द कुठेच नाहीत. संसदेचे नावही घेतलेले नाही. ती 'इतर' म्हणून येते आणि सगळा आरोप राजावर होतो, कारण संसदेचा अधिकार नाकारून झाला होता आणि तोडायचे उरले होते ते राजनिष्ठेचे नाते. शेवटच्या पाच तक्रारी युद्धातल्या आहेत. त्यांतील अखेरची गुलामांना चिथावल्याचा राग आणि मूळ रहिवाशांविषयीचा तिरस्कार एकत्र ओतते. हा जाहीरनामा कोणाचा आणि कोणाचा नाही, हे त्या एका कलमातून स्पष्ट होते.

आपली मांडणी पडताळून पाहावी

अमेरिका खंडात आणि कॅरिबियन समुद्रात ब्रिटनच्या तेराहून अधिक वसाहती होत्या. मुद्रांक कायदा जमैका आणि बार्बाडोसलाही लागू होता आणि तिथे तो भरला गेला. ही बेटे फुटली नाहीत, कारण त्यांच्या साखरेला इंग्लंडची राखीव बाजारपेठ हवी होती आणि गोऱ्यांच्या कैक पट गुलाम असल्यामुळे मळेवाल्यांना ब्रिटिश फौज हवीशी वाटत होती. नोव्हा स्कोशियात आरमारी तळ होता आणि सरकारी पैशावर पुष्कळ जण जगत होते. आपण लिहिलेले कारण या ठिकाणी लावून पाहावे. 'कर लादले म्हणून क्रांती झाली' हे वाक्य जमैकात लगेच कोसळते. तेरा वसाहतींतही सगळे एकमताचे नव्हते. युद्धानंतर राजनिष्ठ म्हणून सुमारे साठ हजार लोक देश सोडून गेले.

उत्तर किंवा टिपण लिहिताना मळी, पगार आणि चहा हे तीन धागे पुरतात, बाकीच्या घटना त्यांवर आपोआप ओवल्या जातात. भारतीय संदर्भ द्यायचा तर नेमका द्यावा. चहा कायदा आणि कंपनीवर नियंत्रण आणणारा रेग्युलेटिंग ॲक्ट हे एकाच वर्षाचे, एकाच संकटातले. मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला आणि कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज सरकारने तो याच नव्या कायद्याच्या जोरावर नाकारून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. हा संबंध कायद्याचा आहे, क्रांतीचा नाही, एवढे भान ठेवावे. या युद्धात यॉर्कटाउनला शरण गेलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला, ही माहिती रंजक असली तरी कारणांच्या उत्तरात तिला जागा नाही. प्रश्नात 'कारणे' असा शब्द असेल तर लेखणी जुलै १७७६ ला थांबवावी, आणि फ्रान्सची मदत, यॉर्कटाउन व १७८३ चा पॅरिसचा तह परिणामांच्या प्रश्नासाठी राखून ठेवावेत.